खालच्या तळ्याची गळती आणि सोडणांची वात

मागील नोंदीत मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की बागेतील खालच्या तळ्याचे काम संपले असून आता केवळ लागवड उरली आहे. ते विधान मागे घेतो. त्यानंतरचे २१ दिवस मी रोज सकाळी काठावर पट्टी घेऊन बसलो आणि रोज पाणी ३ सेंटिमीटरहून अधिक उतरलेले पाहिले. एप्रिलच्या अखेरीस फोंड्याकडील आमच्या विहिरीचाही तळ दिसू लागतो. अशा दिवसांत दीड-दोनशे लिटर पाणी रोज कोठे जाते हे ठाऊक नसेल, तर घरात मान वर करून बोलता येत नाही.

पहिला संशय अर्थातच पंपाने वर चढवलेले पाणी तळ्यात परत आणणाऱ्या ओढ्यावर होता. म्हणून तळ्याच्याच पाण्याने भरलेली बादली आतल्या पायरीवर ठेवली, दोन्हीकडच्या पातळ्या सारख्या केल्या आणि खुणा करून २४ तास थांबलो. बादलीतील पाणी ६ मिलिमीटर उतरले, म्हणजे बाष्पीभवन तेवढेच. तळे मात्र पंप चालू असताना ३४ आणि बंद असताना ३१ मिलिमीटर उतरले. तळ्याचा पृष्ठभाग सुमारे ६ चौरस मीटर आहे. बाष्पीभवन वगळता १६८ लिटरांचा हिशेब लागत नव्हता आणि त्यात ओढ्याचा वाटा अगदीच किरकोळ होता. ओढ्याची मनोमन क्षमा मागितली.

नंतर पाणी न भरता तळे तसेच सोडले. ८ सेंटिमीटर उतरल्यावर पातळी थबकली. पाणी जेथे थांबते तेथेच छिद्र असते, हे आपण सर्वांनी एकमेकांना इतक्या वेळा सांगितले आहे की मी दुसरा विचारच केला नाही. ८ सेंटिमीटरवर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या पहिल्या थराची पायरी येते आणि तेथे लायनरला, म्हणजे तळ्यात अंथरलेल्या जलरोधक अस्तराला, घड्या आहेत, तेव्हा दोष घडीतच असणार असे ठरवून मी निम्मे चिरे उपसले, लायनर पुसून बोटांनी इंच-इंच चाचपला, पाणी पुन्हा भरून सिरिंजने खाण्याचा लाल रंग सोडला. रंग कोणत्याही एका जागी ओढला जात नव्हता. तो संथपणे सगळीकडून काठाकडे सरकत होता. पुरावा डोळ्यांसमोर होता, परंतु मी भोक शोधत असल्याने मला तो दिसला नाही.

उलगडा झाला तो देवघरात. समईखालच्या ताटात तेल साचलेले पाहून मी समई गळते की काय म्हणून उचलून बघू लागलो, तेव्हा आई म्हणाली, “समईला काही झालेले नाही. वात बाहेर लोंबते आहे, तेल ताटात येणारच.” मी तसाच तळ्याकडे गेलो.

काठाचा लायनर दिसू नये आणि चिऱ्यांच्या फटींत रोपे धरावीत म्हणून मी फेब्रुवारीत तेथे नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, ठासून बसवली होती आणि त्या युक्तीचे येथे सविस्तर कौतुकही केले होते. त्या सोडणांचे एक टोक पायरीपर्यंत पाण्यात होते आणि दुसरे लायनरवरून पलीकडच्या कोरड्या मातीत, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली उतरले होते. तळ्याच्या सबंध परिघाला मी स्वतःच्या हाताने वाती लावल्या होत्या. पाणी पायरीखाली गेले की वात सुटत असे, म्हणून पातळी थांबत असे. जांभ्याचाही हात यात होताच. खात्रीसाठी वीतभर उंचीचा, ४.२ किलो वजनाचा कोरडा तुकडा परातीत ३ सेंटिमीटर पाण्यात उभा केला. सकाळी तो वरपर्यंत काळपट ओला होता आणि वजन ४.८ किलो भरले.

उपाय सोपा, परंतु कंटाळवाणा ठरला. चिऱ्यांच्या मागे लायनर सरळ उभा केला, पाण्याच्या पातळीपेक्षा ५ सेंटिमीटर वर ठेवून कापला आणि त्याच्या व मातीच्या मध्ये चार बोटे रुंदीची खडीची कोरडी पट्टी भरली. सोडणे आता केवळ आतल्या बाजूला आहेत. परवाचे माप असे: तळे ७ मिलिमीटर, बादली ६. त्या एका मिलिमीटरवर मी काहीही करणार नाही.

या खटाटोपात ईपीडीएम (कृत्रिम रबराच्या) लायनरविषयीचा माझा आदर वाढला. इतकी उलथापालथ होऊनही त्याला ओरखडा नाही. शेततळ्याचा स्वस्त कागद घेतला असता तर घड्यांवरच मार खाल्ला असता. पंपाविषयी तसे म्हणता येत नाही. खोक्यावर ताशी ३००० लिटर छापले आहे, पण ओढ्याच्या तोंडाशी २० लिटरची बादली भरायला ४८ सेकंद लागतात, म्हणजे ताशी १५०० लिटर. छापील आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवावे लागत नसतानाचा असतो हे दुकानदाराने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. तरीही कमी पाण्याचा एक लाभ झाला: शेवटच्या पायरीवरची धार आता दगडावर न आपटता थेट पाण्यात पडते आणि कुळागराच्या पाटात पोफळींमधून ऐकू येतो तसा आवाज पडवीपर्यंत येतो. वेखंडाला नवे कोंब आले आहेत, कुमुदाची पहिली कळी वर आली आहे.

आता वरच्या कुंडाविषयी. त्यालाही लायनर घालून ओढा तेथून सुरू करावा, असा बेत होता. परंतु हे लिहिता लिहिता वाटू लागले की जांभ्याला पाणी धरून ठेवायला लावण्याचा हट्टच कशाला? आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, पावसाळ्यात खळगी भरतात, मातीच्या पातळ थरावर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात आणि पाऊस सरला की सारे सुकून जाते. वरचे कुंड तसेच ठेवावे: उथळ, लायनरविना, पंपाविना, केवळ पावसाच्या भरवशावर. पाणी साचून राहिले तर जादा पाणी ओढ्यात उतरेल, त्यामुळे खालच्या तळ्यातले मासे डासांच्या अळ्यांकडे पाहतील. सड्यावरची रोपे मात्र उपटून आणणार नाही; खळग्यात तासलेल्या जांभ्याची भुकटी पसरून बी आपोआप येते का, ते एक-दोन पावसाळे पाहीन. मृग लागायला महिनाभर आहे. कुंडासाठी आणलेल्या लायनरची गुंडाळी काल माळ्यावर टाकली, आणि ओढ्याचा पाइप तोडून पंपाच्या बाजूला आणायचे काम उद्यापासून सुरू करतो.