हो, सुट्टी आहे

काही झालेलं नाहीये खरं तर. कोणाला सांगायला गेलं तर "बरं मग?" असंच म्हणतील, वन्सं तर नक्कीच, म्हणून इथे लिहितीये. आज शिवाजी पार्कात रग्बी चालू असताना कडेने फिरणाऱ्या एका आजोबांनी आमच्या पोराला, ओम्याला विचारलं, काय रे बाळा, आज शाळेला सुट्टी का? आणि हा पळता पळता म्हणाला, "हो, सुट्टी आहे." बास. तो पुढे पळाला, आजोबा त्यांच्या फेरीला लागले.

मी मात्र तिथेच अडकले.

इतकं सराईत कसं आलं ते तोंडातून? चाचरला नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्यात कधी लपवालपवी नव्हती, कोणी विचारलं तर 'मी घरी शिकतो' म्हणायचं, संपला विषय. मग हे कुठून शिकला? लाज वाटते का त्याला? आणि वाटत असेल तर ती आमची की त्या शाळेत जे झालं त्याची... शाळेबद्दल लिहायचं नाही ठरवलंय, जाऊ दे.

बरं आज खेळ इतका छान रंगला होता! टॅग रग्बी आहे, म्हणजे पाडापाडी नाही, कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन रिबिनी असतात, समोरच्याने एक खेचली आणि 'टॅग' ओरडला की तोच टॅकल, म्हणजे अडवलं असं धरायचं. आणि खेचलेली रिबीन ज्याची त्याला परत हातात द्यायची, हे मला फार आवडतं. अंगाला हात लावलेला ज्याला अजिबात चालत नाही असं पोरगंपण मग बिनधास्त घुसतं (हो, आमचंच). श्रवणयंत्रवाली छोटी आहे तिच्यासाठी सर शिट्टीबरोबर हात वर करतात, आता सगळीच पोरं हाताकडे बघतात आणि शिट्टीला कोणी विचारत नाही. व्हीलचेअरवाल्या दादाची चाकं त्या भुसभुशीत लाल मातीत रुततात, म्हणून कडेची कडक पट्टी त्याची, तिथे शिरलं की बाकीच्यांनी फक्त चालायचं, पळायचं नाही. हा नियम पोरांनीच काढलाय. सहा वर्षांची आणि तेरा वर्षांची एकत्र खेळतात आणि कितवीत आहेस असं कोणी कोणाला विचारत नाही. तेच तर, मैदानाच्या आत कोणी विचारत नाही.

बॉल हाताने मागेच पास करायचा हे ओम्याला सुरुवातीला पटतच नव्हतं, पुढे जायचंय ना मग मागे कशाला, सरांशी भांडला होता. आता मागे न बघता देतो. असो.

पाणी प्यायला थांबले तेव्हा सर सांगत होते की बॉम्बे जिमखान्याचे एक रग्बीपटू होते, मॅथ्यू स्पेसी, भारताकडून खेळलेले, त्यांनी समोरच्या फॅशन स्ट्रीटवर, रस्त्यावरच राहणाऱ्या पोरांना रग्बी खेळायला बोलावलं आणि त्यातून १९९९ मध्ये मॅजिक बस संस्था उभी राहिली. एरवी ऐकून छान वाटलं असतं. आज डोक्यात आलं की त्या पोरांना दिवसाढवळ्या रस्त्यावर बघून कोणी 'आज सुट्टी का' विचारलं असेल असं वाटत नाही. माझ्या पोराला विचारतात, कारण त्याचे बूट चांगले आहेत. हे कुठे नेऊन ठेवू कळेना, तसंच घेऊन दादरला गाडीत चढले.

लेडीज डब्यात बोरिवलीपर्यंत मनातल्या मनात आजोबांना उत्तर देत होते. की बघा आजोबा, शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, वय ६ ते १४, त्यात घरी शिकणाऱ्यांचा उल्लेखच नाही, आणि चौदा पूर्ण झाली की एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त शाळेच्या सरकारी बोर्डातून, दहावीला बसता येतं, आणि मित्र आहेत हो त्याला, हे काय समोर खेळतायत. कांदिवली येईपर्यंत रडूच यायला लागलं. सगळ्या जगाला पुराव्यानिशी पटवत बसायचं कंत्राट मलाच का? ह्यांना कोणी विचारत नाही. मला विचारतात. रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, लसीला गेलं तर नर्स विचारते.

रात्री जेवताना राहवलं नाही, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. तर वरणभात कालवत म्हणतो, "अगं बॉल येत होता माझ्याकडे. खरं सांगितलं की लोक थांबवतात. मग तू येतेस. मग तू त्यांच्याशी बोलतच बसतेस."

हे इतके हसले की ठसका लागला. मीही हसले, काय करणार, आजोबांसाठीचं भाषण तयारच होतं माझं.

म्हणजे लाज नाही, वेळ वाचवतोय तो. असं मी म्हणतीये. थोडं टोचतंय अजून, कारण नऊ वर्षांच्या पोराला लोकांना कसं कटवायचं हे इतकं नेमकं कळावं का? पण बिल्डिंगमधली शाळेत जाणारी पोरं तरी काय, गृहपाठ झाला का विचारलं की 'हो' म्हणूनच खाली पळतात ना.

तीच पोरं आता शनिवारी ह्याच्याकडून रग्बी शिकणार आहेत म्हणे, पार्किंगमध्ये. दहा जण, म्हणजे वीस रिबिनी. मघाशी माझं कपाट उघडून उभा होता, ती बांधणीची ओढणी तू घालतच नाहीस ना, विचारत होता. घालते म्हणाले. आता शनिवारपर्यंत खरंच घालावी लागणार.