रात्रपाळीनंतरची झोप

मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे. नाईट ड्युटीवरून सकाळी घरी आले की शेजारच्या काकू म्हणतात, "आता दिवसभर झोप निवांत." पण दिवसाची झोप तशी नसते हो! डोळ्यांवर उजेड पडला की मेंदूतलं मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, कमी होतं आणि शरीर जागं व्हायला लागतं. झोप-जागेची वेळ ठरवणारं शरीरातलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं.

म्हणून खिडकीला जाड काळं कापड लावलंय, दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवते. पहाटे मावशी वॉर्डात थर्मास घेऊन येतात, तेव्हा "सिस्टर, घोटभर तरी" म्हणाल्या तरी मी चहा घेत नाही. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

आणि एक कळकळीने सांगते. घरात कुणी जोरात घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर "किती गाढ झोपलाय" असं समजू नका. तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार, असू शकतो. त्याने बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपचार आहेत.