तुम्ही विचारलंत म्हणून: तीस माणसांचं धुरावरचं मटण

आखाड लागला की घरी येणारं प्रत्येक माणूस एकच विचारतं. कुकरला पाच शिट्ट्यांत होणाऱ्या मटणाला सहा तास धुरात कशाला ठेवायचं, आणि तीस माणसांना एकदम गरम वाढता तरी कसं? परवा मावसबहिणीनंही विचारलं, म्हणून एकदा सगळं सांगते.

वाढायचं आधी सांगते, कारण माझं सगळं गणित त्यावर बसलंय. पाहुणे दारात येतात तेव्हा माझी आग विझत आलेली असते. आठला जेवण असेल तर अकराला कोळसा पेटतो, बाराला मटण आत जातं आणि सहाच्या सुमारास बाहेर येतं. मग केळीच्या पानात आणि फॉइलमध्ये गुंडाळलेलंच मटण आईसबॉक्समध्ये, वरून जुनी सोलापुरी चादर घट्ट खोचून. दोन तासांनी उघडलं तरी हाताला चटका बसतो. तेवढ्या वेळात सुटलेला रस थोडाफार मांसात परत मुरतो. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा साठ अंशांच्या खाली मात्र जाऊ द्यायचा नाही, त्याखाली शिजलेलं मांस तासन्‌तास ठेवणं धोक्याचं.

हाडासकट माणशी साडेतीनशे ग्रॅम कच्चं धरते, म्हणजे तिसांना साडेदहा किलो. धुरावर वजन बरंच उतरतं, म्हणून रश्श्यापेक्षा जास्त घ्यावं लागतं. मला बोकडाचे पुढचे पाय खांद्यासकट, अख्खे लागतात, दीड-दीड किलोचे सात. खाटिकदादा पहिल्या वेळी म्हणाले होते, "अक्का, तुकडे नाही करायचे? मग शिजणार कधी?" आता मी चार दिवस आधी सांगून ठेवते. आदल्या रात्री किलोला बारा ग्रॅम मीठ, लसूण, काळा मसाला आणि शेंगदाण्याचं तेल चोळून फ्रीजमध्ये. बास, बाकी काही नाही.

भट्टी म्हणजे गोडेतेलाचा दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम. तळाशी हवेची भोकं, कोळशाची जाळी, वर मटणाच्या दोन जाळ्या. रसायनाचा ड्रम कधीच घेऊ नका. आणि हे काम अंगणातच करायचं. बंद जागेतला कोळशाचा धूर जीव घेतो.

आग सांभाळायला मी शिकले ती हुरड्याच्या आगटीवर. आमच्या शेतात आई गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू द्यायची, लाल निखाऱ्यावर राख चढली की मगच कणसं खुपसायची. इथंही तेच. कोळसा बाभळीचा, त्यावर पेरूच्या किंवा आंब्याच्या वाळक्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे. धूर पांढरा, दाट निघाला तर मटण कडू होणार. उन्हात धरल्यावर जेमतेम दिसेल असा निळसर, पातळ धूर हवा. ओलं लाकूड नको, आणि जुन्या फर्निचरचं रंगवलेलं लाकूड तर अजिबात नको. ड्रममध्ये ११० ते १२० अंश राहिले की झाकणाला हात लावायचा नाही.

पहिल्या वर्षी मात्र मी घाबरले होते. मांसातला काटा भराभर चढत ६८ वर आला आणि तिथंच थांबला. तासभर हललाच नाही. पाहुणे यायची वेळ होत आलेली, म्हणून मी दोन पाट्या कोळसा ओतला. वरून काळं, आतून चिवट झालं. भाच्यानं तो तुकडा पानात तसाच ठेवला, ते मला फार लागलं.

नंतर कळलं, आग कमी पडलीच नव्हती. मे महिन्यात माठाला बाहेरून घाम फुटतो आणि आतलं पाणी गार होतं ना, अगदी तसंच मांस घाम गाळत असतं. ते पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून काटा अडतो. पृष्ठभाग कोरडा होत आला की काटा आपोआप पुढं सरकतो. आता मी साडेतीन तासांनी मटण केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट बांधते. घाम उडायला जागाच उरत नाही.

बोकडाला तर हे बांधणं हवंच. अमेरिकेत ही धुरावरची रीत डुकराच्या खांद्यावर, टेक्सासात बीफच्या ब्रिस्केटवर, म्हणजे छातीच्या मांसावर चालते, ते मांस चरबीचं. आपलं बोकड त्या मानानं कोरडं. सांध्याभोवतीचे चिवट पडदे विरघळून मऊ व्हायला तासन्‌तास मंद आच लागते. कुकर ते काम लवकर करतो हे खरं, पण त्यातला रस रश्श्यात उतरतो आणि धुराचा वास तर येतच नाही. काटा ९२-९३ वर गेला की मी खांद्याचं चपटं हाड चिमटीत धरून ओढते. ते कोरडं, पांढरं स्वच्छ निघून हातात आलं, की झालं.

मग परातीत हातानंच मोकळं करते. सोबत कडक भाकरी, शेंगाची चटणी, कच्चा कांदा. हाडं टाकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचाच काळ्या मसाल्याचा रस्सा होतो, आणि त्या रश्श्यासाठी मुक्कामाला थांबणारेही दोघं-तिघं असतातच.