एका घरात दोन राउटर आणि नऊ दिवस

घरात नवीन इंटरनेट घेतलं, आणि नऊ दिवसांत त्या कंपनीच्या तक्रार केंद्राला मी पाच फोन केले आणि पाचही वेळा एकच उत्तर ऐकलं, "राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, परत चालू करा." तो राग अजून पुरता उतरलेला नाही. पण अशा अडचणीत सापडलेल्या कुणाचे तरी नऊ दिवस वाचतील, म्हणून लिहायला बसले.

फायबर घरात येणं, पेटी बसणं हे तासाभरात उरकलं. वायफाय त्या पेटीतच होतं. आतल्या खोलीत रेंज पोचेना, तेव्हा जोडणी करायला आलेल्या माणसाने आमचा जुना राउटर तिथे लावला, दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला आणि तो गेला. दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. माझा लॅपटॉप छान चालतोय आणि त्याच टेबलावर मुलीच्या फोनवर "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही". संध्याकाळी नेमकं उलट. वायफायच्या रेघा पूर्ण, पण एक पान उघडेल तर शपथ.

आता ते फोन. पेटी बंद-चालू केली की बहुतेक वेळा खरंच चालायचं. पलीकडून विचारणा व्हायची, "आता चालतंय ना मॅडम?" मी हो म्हणायचे, आणि अर्ध्या तासात तक्रारीचं निवारण झाल्याचा मेसेज यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी स्पष्ट सांगितलं की तक्रार बंद करू नका, दोन दिवस पाहू दे. तरी बंद केली. दर वेळी नवा तक्रार क्रमांक, नवा माणूस, आणि माझी कहाणी पहिल्यापासून. "आमच्याकडून लाईन ओके दाखवतेय" हे वाक्य तर पाठ झालं. आणि लाईन ओकेच होती! बिघाड लाईनच्या अलीकडे, घरात होता. अडलेल्या फोनला कोणता आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) मिळालाय, एवढा एकच प्रश्न पाचांपैकी कुणी विचारला असता, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

तो शेवटी मीच पाहिला. वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की पत्ता दिसतो. चालणाऱ्या लॅपटॉपचा होता १९२.१६८.१.२३ आणि अडलेल्या फोनचा १९२.१६८.०.१०४. खाली गेटवे, म्हणजे यंत्र ज्यातून बाहेर इंटरनेटवर जातं त्या राउटरचा पत्ता, लिहिलेला असतो, तोही वेगळा: एकाचा १९२.१६८.१.१, दुसऱ्याचा १९२.१६८.०.१. एकाच घरात बाहेर पडायचे दोन दरवाजे, आणि त्यातला एक भिंतीत उघडणारा.

होत होतं ते असं. कुठलंही यंत्र वायफायला जोडलं गेलं की "मला पत्ता द्या" असा पुकारा करतं. राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय त्याला पत्ता देते आणि बाहेर कुठून जायचं तेही सांगते. आमच्याकडे पेटी आणि जुना राउटर, दोघंही उत्तर देत होते. ज्याचं उत्तर आधी पोचेल ते यंत्र धरून बसायचं. पेटीकडून आलेली तार जुन्या राउटरच्या लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमध्ये होती आणि वॅनचं (बाहेरून इंटरनेट घ्यायचं) पोर्ट रिकामं, त्यामुळे त्याला स्वतःलाच बाहेरची वाट ठाऊक नव्हती. बंद-चालू केल्यावर पत्त्यांचं वाटप नव्याने व्हायचं, बरा पत्ता हाती लागला की सगळ्यांना वाटायचं दुरुस्त झालं. तार वॅनमध्ये लावली असती तर इंटरनेट चाललं असतं, पण आतल्या खोलीतल्या फोनला बाहेरच्या खोलीतला प्रिंटर सापडला नसता, कारण दोन्ही राउटरची नेटवर्कं वेगळी पडली असती. म्हणून लॅनच बरं, फक्त जुन्याचं वाटप बंद हवं.

ते करताना क्रम सांभाळा. आधी जुन्या राउटरची पेटीकडे जाणारी तार काढा. मग ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मी १९२.१६८.१.२ दिला, कारण पेटीच्या वाटपात पत्त्याचा शेवटचा आकडा १० पासून सुरू होत होता आणि २ मोकळा होता. फोन पुन्हा जोडून नव्या पत्त्यावर जा, डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा, तार परत लॅनमध्ये लावा. पत्ता न बदलता आधी डीएचसीपी बंद केलं, तर त्या राउटरच्या पानावर परत पोचणं कटकटीचं होतं. पंधरा मिनिटांत झालं सगळं. रात्री घरातली पाचही यंत्रं एकाच वेळी चालताना पाहिली, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

आत शिरलेच होते म्हणून सुरक्षेचंही पाहिलं, आणि धस्स झालं. जुन्या राउटरच्या पानाचा पासवर्ड "अॅडमिन"च होता. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो, दोन्ही बदला. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) चालू होतं, तेही बंद केलं. त्याचा पिन दिसतो आठ आकडी, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ मध्येच उघड झाली आहे. वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, डब्ल्यूपीए३, लावून पाहिली, पण जुना प्रिंटर जोडलाच जाईना. मग त्याआधीची डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) ठेवली. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलं.

एक सांगायचं राहिलं. दोन्ही राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर एकाच चॅनेलला (लहरींच्या एकाच पट्टीत) होते, म्हणून एकमेकांना अडवत होते. एकाला १ आणि दुसऱ्याला ११ दिला. १, ६ आणि ११ हे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

आणि हो, फोनवरून राउटरचं पान उघडताना मोबाईल डेटा बंद ठेवा. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि पान उघडत नाही. याच कारणाने माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.