पाचशे आरपीएमचा शोध

टेक्सासमधल्या एका छोट्या विमानतळावर मी स्वतः बांधलेले दोन आसनी विमान ठेवतो. त्यात माझदाचे १३बी रोटरी इंजिन आहे: पिस्टनऐवजी फिरणारे दोन त्रिकोणी रोटर, १३०८ घन सेंटिमीटर, आणि प्रोपेलरपर्यंत वेग २.८५ पटींनी उतरवणारा गिअरबॉक्स. चाकांना ठोकळे लावून पूर्ण थ्रॉटल दिला की हे इंजिन एरवी ५८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठते. ऑगस्टमधल्या एका सकाळी काटा ५३०० वर थांबला आणि मी उड्डाण रद्द केले.

घट किरकोळ वाटेल, पण स्थिर पात्यांच्या प्रोपेलरला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५३०० ला ५८०० ने भागून घन काढला की ०.७६ येतो, म्हणजे जवळजवळ पाव शक्ती नाहीशी झाली होती. हँगरमधल्या मित्रांनी उन्हाळ्याला दोष दिला. परंतु विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते तसा प्रोपेलरवरचा भारही घटतो. त्यामुळे उष्णतेने धावपट्टीवरची धाव लांबते, पण उभ्या विमानाचे आरपीएम फारसे हलत नाहीत.

थ्रॉटलची झडप पूर्ण उघडत होती, इंधनाचा दाब स्थिर होता. प्रत्येक रोटरला लीडिंग आणि ट्रेलिंग असे ठिणगी देणारे दोन प्लग असतात. ते आळीपाळीने बंद केले, तेव्हा ट्रेलिंग बंद केल्यावर थोडी आणि लीडिंग बंद केल्यावर जास्त घट दिसली, जे या इंजिनाला साजेसेच आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या वायूचा दाब, तपासताना गेजमधला दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह काढून ठेवावा लागतो, नाहीतर रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वात चांगल्या बाजूचाच आकडा दिसतो आणि खराब सील लपून राहते. माझ्या गेजचा काटा तिन्ही वेळा सारखाच उडाला.

यानंतर मी चूक केली. मिश्रणात इंधन जास्त दिसत होते म्हणून दोन शनिवार-रविवार मी इंजिनाच्या संगणकातले, किती इंधन द्यायचे ते ठरवणारे तक्ते कमी करत बसलो. मिश्रण सुधारले, आरपीएम तसेच राहिले.

उत्तर पहिल्या दिवसापासून वहीत होते. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब) बाहेरच्या हवेच्या दाबाजवळच होते, म्हणजे हवा आत यायला अडथळा नव्हता. माझा संगणक दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा अंदाज बांधतो. जळालेला वायू नीट बाहेर पडला नाही तर ताज्या हवेला जागा उरत नाही, तरीही संगणक नेहमीएवढेच इंधन देत राहतो. इंजिनाला श्वास घेता येत होता, सोडता येत नव्हता.

सायलेन्सर उतरवला. आतल्या जाळीदार पत्र्याचे वेल्डिंग तुटून तो आडवा झाला होता आणि त्याने बाहेर जाण्याची निम्म्याहून अधिक वाट अडवली होती. रोटरीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो, वायू बाहेर सोडणारे छिद्र, म्हणजे पोर्ट, एकदम उघडते, आणि सुमारे ९०० अंश सेल्सिअसचा वायू ठोके देत बाहेर पडतो. त्यापुढे माझा पातळ पत्रा टिकणे शक्यच नव्हते. तो मीच निवडला होता.

नवा सायलेन्सर इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा आणि आतून सरळ वाटेचा आहे. इंधनाचे तक्ते पूर्ववत केल्यावर इंजिन ५७९० पर्यंत गेले. सायलेन्सरच्या आधी आता दाब मोजण्याची बारीक नळी बसवली असून तिचा आकडा प्रत्येक रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीला, वहीत लिहितो.