रामदासपेठेतली एसएलके: घ्यायची की सोडायची?

जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणून मी शोधत होतो, आणि मागच्या नोंदीत तीन गाड्या उरल्या होत्या. आता एकच उरली आहे: २००७ ची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर, आर१७१ पिढीतली. चंदेरी रंग, ऑटोमॅटिक गिअर, मीटरवर ३८ हजारांच्या आसपास. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची, पहिल्यापासून त्यांच्याकडेच, पासिंगही नागपूरचंच. मागणी साडेअकरा लाख.

बाकीच्या दोन का गळाल्या ते आधी सांगतो. २००७ ची पोर्श बॉक्स्टर माझ्या मनातून आजही उतरलेली नाही, वळणावर ती एसएलकेपेक्षा सरस आहे हे मान्यच. पण त्या काळच्या इंजिनातलं इंटरमिडिएट शाफ्टचं बेअरिंग २००६ ते २००८ च्या मॉडेलांत इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही. ते फुटण्याचं प्रमाण कमी आहे, पण फुटलं तर इंजिनच जातं, आणि नागपुरात पोर्शला हात लावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दुसरी होती हैदराबादची २००६ ची एसएलके ३५०. त्या व्ही६ इंजिनात थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टच्या टोकाचं गिअर मऊ निघाल्याची तक्रार जगभर आहे. दात झिजले की व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग सरकतं आणि दुरुस्तीला इंजिन खाली उतरवावं लागतं. वर तेलंगणाचं पासिंग, म्हणजे एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर. म्हणून तीही सोडली.

२०० कॉम्प्रेसरचं इंजिन साधं आहे: एम२७१, चार सिलिंडर, १७९६ सीसी, १६३ हॉर्सपॉवर. इंजिनात जादा हवा ढकलणारा सुपरचार्जर (तोच नावातला कॉम्प्रेसर) क्रँकच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे पाय दाबला की ताकद लगेच येते, टर्बोसारखी वाट पाहावी लागत नाही. १६३ हा आकडा आज कुणाला मोठा वाटणार नाही. पण दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, लांब बॉनेट आणि उघडणारं लोखंडी छत हे सगळं एकत्र मिळणाऱ्या गाड्या आपल्याकडे मुळातच मोजक्या आल्या. मला अशीच गाडी हवी आहे, शाळेत असल्यापासून हवी आहे.

सकाळचा पहिला सेल्फ

आमच्या मिस्त्रींनी एकच अट घातली होती. "भाऊ, गाडी रातभर उभी राहू द्या. मी येतो तवाच चालू करजा. गरम इंजिन खोटं बोलते."

हे एम२७१ बाबत शब्दशः खरं आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरतं, आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते. चेन चांगली असेल तर काही ऐकू येत नाही. लांबली असेल तर खडखड होते, आणि एखादा दात उडाला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून डॉक्टरांना आधीच विनंती केली होती की सकाळी गाडीला हात लावू नका. त्यांनी शब्द पाळला. मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली आणि मग मला मान हलवली.

सेल्फ मारला. पुढच्या बाजूने बारीक खर्रर्र झाली, जेमतेम दोन सेकंद, आणि मग इंजिन एकदम शांत. मिस्त्री वाकून ऐकत होते ते तसेच राहिले, मग म्हणाले, "चेन बोलली. थोडीशी बोलली, पण बोलली. टॅपेट कव्हर खोलल्याबिगर मी हो म्हणत नाही." टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण.

मग कॅम मॅग्नेट. या इंजिनात हेडच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणाऱ्या भागांचे, दोन मॅग्नेट असतात. त्यांचं सील जुनं झालं की तेल प्लगमध्ये शिरतं आणि तिथून वायरच्या आतल्या तारांमधून हळूहळू पुढे सरकत जातं, अगदी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, कनेक्टरपर्यंत. बाहेरून वायर कोरडी दिसते, आत तेल चाललेलं असतं. इनटेकचा प्लग काढला तर स्वच्छ. एक्झॉस्टचा काढला तर पिनांच्या मुळाशी काळसर तेलाचा ओशट थर, बोटाला लागण्याइतका. लगेच ईसीयूचा प्लग उघडला, टॉर्च मारला, पांढऱ्या कापडाचं टोक आत फिरवलं. कापड पांढरंच बाहेर आलं. म्हणजे तेल निघालं आहे, पण पोचलेलं नाही. मॅग्नेट बदलायचे आणि मध्ये जोडायची छोटी वायर बसवायची. पुन्हा कधी गळती झालीच तर तेल त्या छोट्या वायरीत अडकतं आणि तेवढीच बदलावी लागते. ही वेळेत सापडलेली गोष्ट आहे, आणि वेळेत सापडलेल्या गोष्टीला मी घाबरत नाही.

छत

या गाडीचा जीव छतात आहे. डिकीतला हायड्रॉलिक पंप सिलिंडरांना तेल देतो, डिकीचं झाकण मागे उघडतं, छत दोन तुकड्यांत दुमडून आत जातं, झाकण मिटतं. कंपनीचा आकडा २२ सेकंदांचा. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर लावलेला नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही. जुनी एसएलके पाहायला जाणाऱ्यांनी आधी तो पडदा बघावा, मगच छत बिघडलं म्हणावं.

आम्ही छत उघडून मिटवलं, पुन्हा उघडलं. दोन्ही वेळा पूर्ण गेलं, पण झाकण उचलताना डावी बाजू किंचित मागे राहत होती. अस्तर बाजूला करून पाहिलं तर डाव्या सिलिंडरच्या मानेवर ओलसर थर होता, त्यावर धूळ चिकटलेली. सील गेलं आहे. नवा सिलिंडर जर्मनीहून मागवायचा तर खर्च आवाक्याबाहेर जातो, पण सिलिंडर उतरवून नवं सील बसवून घेता येतं. ट्रक आणि जेसीबीच्या हायड्रॉलिकवर आयुष्य घालवलेले कारागीर आपल्याकडे आहेतच. मापाचं सील आणि योग्य तेल मिळालं की झालं.

माझी खरी काळजी रबराची होती. छताच्या कडांना जे जाड रबर असतं ते नागपूरच्या मे महिन्यात टिकतं का? ही गाडी आयुष्यभर तळमजल्याच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये राहिली, त्यामुळे रबर अजून मऊ आहे. हीच गाडी बाहेर उन्हात उभी राहिली असती तर मी तिथूनच परतलो असतो.

आणि ३८ हजार किलोमीटरबद्दल. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हे समीकरण मला पटत नाही. उभ्या गाडीत तेल जुनं होतं, सील सुकतात, बॅटरी बसते. टायरांची नक्षी जवळपास नवी होती, पण कडेच्या कोडमध्ये शेवटचे चार अंक १९१७, म्हणजे टायर २०१७ च्या एकोणिसाव्या आठवड्यात बनलेले. असे टायर मी समृद्धीवर नेणार नाही. चारही बदलायचे, आणि १७ इंची चाकांवर पुढे २२५ व मागे २४५ असल्यामुळे पुढचे मागे फिरवताही येत नाहीत.

पाण्याची तपासणी

रामदासपेठ म्हटल्यावर नागपूरकराला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी रस्त्यावर आली आणि कितीतरी तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात आल्या असणार हे गृहीत धरूनच मी आता शहरातली प्रत्येक जुनी गाडी बघतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून घ्या. कुणी कितीही साफसफाई केली तरी बेल्टचा रिळात गुंडाळलेला भाग धुवायचं सुचत नाही, आणि गाळाची रेष तिथेच सापडते. इथे बेल्ट एकसारखा काळा निघाला. सीट सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवर गंज नाही, कार्पेट उचललं तर खालचा फोम कोरडा, मागच्या दिव्यांत पाण्याची खूण नाही. डॉक्टर म्हणाले, "आमची इमारत रस्त्यापेक्षा उंच आहे, पाणी फाटकाशीच थांबलं होतं. पण तुम्ही बघा, मी सांगतोय म्हणून मानू नका." विकणाऱ्याकडून हे ऐकून बरं वाटलं.

रस्त्यावर

अजनीहून वर्धा रोडला लागलो. वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि त्या सावलीत काच खाली करून चालवताना सुपरचार्जरची बारीक शीळ खांबांवरून परत येत होती. मी एवढंच सांगतो की विमानतळ कधी आला ते कळलं नाही. गिअर सरळ पडत होते, ब्रेक मारल्यावर गाडी कुठेही ओढत नव्हती. येताना व्हरायटी चौकाच्या गर्दीत मुद्दाम एसी लावून रेंगाळलो. कूलंटचा काटा हलला नाही, पंखा वेळेवर सुरू झाला. हा डिसेंबर आहे हे खरं. मे मध्ये ४५ अंशांत सुपरचार्जरला मिळणारी हवाच इतकी तापलेली असते की ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि गाडी सुस्त वाटते. त्याला इलाज नाही, स्वीकारायचं.

घराजवळचा एक प्रश्न नुसत्या मोजमापाने सुटणारा नव्हता. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता वर आणि आमचं फाटक खाली. पुढच्या बंपरचा ओठ घासणार का, हे प्रत्यक्ष पाहिलं. सरळ घेतली तर घासते, तिरपी घेतली तर बोटभर अंतर राहतं. चालेल.

घरी बायकोने असा प्रश्न विचारला जो यादीत सगळ्यात वर असायला हवा: "मार्च ते जून तू छत उघडणार नाहीस, पावसात काढणार नाहीस. मग तेव्हा ती नुसती उभीच राहणार ना?" डॉक्टरांची गाडी नुसती उभी राहूनच म्हातारी झाली, हे आत्ताच बघून आलो होतो. म्हणून ठरवलं आहे की उन्हाळ्यातही दर रविवारी पहाटे, सूर्य वर यायच्या आत, अमरावती रोडने गोंडखैरीच्या पुढे जाऊन यायचं. छत बंद, पण इंजिन पूर्ण तापेपर्यंत. यात पेट्रोलचाही संबंध आहे. या गाडीला ९५ ऑक्टेन हवं आणि इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, इथवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सोयीचंच. पण तिचे होज आणि सील २० टक्के इथेनॉल धरून बनवलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल ठेवलेली गाडी लवकर बिघडते, चालती गाडी तग धरते. तरीही इंधनाचे होज यंदाच बदलणार आहे.

कागद

आरसी बघताना बहुतेक जण मालकाचं नाव आणि वैधता बघतात. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक रकाना बघायचा: गाडी आयात म्हणून नोंदली आहे का. एसएलके पूर्ण बांधलेली बाहेरून यायची, त्यामुळे इथे तशी नोंद आहे. २०२२ मध्ये १५ वर्षं झाल्यावर नूतनीकरण झालं, आता वैधता नोव्हेंबर २०२७ पर्यंत. त्यानंतर गाडी २० वर्षांची होईल, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे २० वर्षांपुढच्या साध्या कारला नूतनीकरणाचे १० हजार असले तरी आयात चारचाकीला ८० हजार आहेत. पर्यावरण कर वेगळा. हा आकडा सौद्यात धरायलाच हवा, कारण तो दूर नाही. कर्जाचा बोजा नाही, चलान बाकी नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सही करायला डॉक्टर तयार आहेत.

निर्णय

डॉक्टरांच्या परवानगीने टॅपेट कव्हर उघडलं. ते स्वतः गॅरेजमध्ये उभे होते. चेनच्या खुणा थोड्या सरकलेल्या, आणि एक्झॉस्ट कॅमच्या गिअरचे दात एका बाजूने टोकदार व्हायला लागलेले. मिस्त्रींनी त्यांच्याच हातात टॉर्च दिला आणि दात दाखवले. डॉक्टरांनी पाहिलं, वाद घातला नाही. चेन, दोन्ही ॲडजस्टर, टेन्शनर, मॅग्नेट, टायर, छताचं सील आणि २०२७ ची फी असा हिशेब कागदावर मांडला. साडेनऊ लाखांवर सौदा ठरला. माझ्या अंदाजापेक्षा थोडा वर आहे, पण दोष काय आहेत ते माहीत आहे, ते काढणारे हात शहरातच आहेत, आणि मर्सिडीजचं अधिकृत वर्कशॉपही इथे आहे. बॉक्स्टरबाबत यातलं एकही म्हणता येत नव्हतं.

टोकन दिलं आहे. गाडी चालवत आणणार नाही, फ्लॅटबेडवर थेट गॅरेजला जाईल, आणि चेन बसेपर्यंत तिला सेल्फ मारायचा नाही असं मिस्त्रींनी बजावलं आहे. पार्टची पहिली ऑर्डर चेन किटची, चेसिस नंबर देऊनच. छताचा सिलिंडर त्याच वेळी उतरवून वाडीच्या हायड्रॉलिकवाल्याकडे देणार. त्याने सीलचं माप घ्यायला जुनं सील न तोडता आणायला सांगितलं आहे.