ट्रेविंट नावाच्या दोन वाड्या

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या नकाशावर ट्रेविंट हे नाव एकदा सापडलं की पुन्हा पुन्हा सापडत राहतं. कुठे मोजकी घरं, कुठे नुसतं एखादं शेतघर आणि गोठा. आपल्याकडे पिंपळगाव म्हटलं की तालुका विचारतात, तसं इथे पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेला छोटा विभाग, सांगावं लागतं. बॉडमिन मूर या ओसाड माळाच्या दोन अंगांना असलेली दोन ट्रेविंट मला पाहायची होती. एक पूर्वेला, आल्टरनन पॅरिशमधलं. दुसरं वायव्येला, कॅमलफर्डजवळच्या ॲडव्हेंट पॅरिशमधलं.

कॉर्निश भाषेत ‘ट्रे’ म्हणजे वस्ती आणि पुढचा तुकडा वाऱ्याचा. दोन्हीकडे वारा आहेच, त्यामुळे एकच नाव दोघांनी ठेवलं तर नवल नाही.

टेमर नदी ओलांडून लॉन्सेस्टन मागे पडलं की थोड्याच वेळात फाइव्ह लेन्सचा फाटा येतो. महामार्ग ए ३० इथून इतका जवळ, की ट्रेविंटच्या गल्लीत उभं राहिलं तरी गाड्यांची घरघर ऐकू येते. गल्लीतलं एक दगडी घर मात्र जगभरच्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना माहीत आहे. डिगरी इझ्बेल हा पाथरवट आणि त्याची बायको एलिझाबेथ इथे राहायची. १७४३ साली मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाचे सोबती थकूनभागून दाराशी आले. डिगरी घरी नव्हता. एलिझाबेथनं त्यांना पाव, लोणी आणि दूध दिलं, घोड्यांना गवत घातलं, आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. पुढे डिगरीच्या वाचनात बायबलमधली शूनेमची बाई आली. अलीशा संदेष्ट्यासाठी तिनं घरावर एक खोली बांधली होती. डिगरीच्या हाताला दगडकाम होतंच. त्यानं आपल्या घराला खाली एक, वर एक अशा दोन खोल्या जोडल्या. १७४४ पासून वेस्ली इकडे येऊ लागला.

खालची खोली अगदी लहान आहे. तिथे उभी असताना मला वेस्लीपेक्षा एलिझाबेथच जास्त आठवत होती. सगळी गोष्ट तिच्या दुधापावापासून सुरू झाली, आणि त्या वेळी पाहुणे कोण आहेत याची तिला कल्पनाही नव्हती. अशा बाईचं नाव अडीचशे वर्षांहून जास्त टिकलं, याचा मला मनापासून आनंद झाला. ती आणि डिगरी आल्टरननच्या चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. या चर्चला लोक ‘मूरचं कॅथेड्रल’ म्हणतात. गावातल्या जुन्या मेथडिस्ट चॅपलच्या दारावर वेस्लीचं कोरीव डोकं आहे. याच गावात १८१८ साली जन्मलेल्या नेव्हिल नॉर्दी बर्नार्डनं ते कोवळ्या वयात घडवलं.

ॲडव्हेंटच्या ट्रेविंटला यातलं काहीच नाही. रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना कॉर्निश बांध, म्हणजे आत माती आणि बाहेरून दगडांचा चेहरा. स्लेटचे, म्हणजे लिहायच्या पाटीचे, दगड तिरपे लावलेले, एक थर उजवीकडे कललेला, वरचा डावीकडे. फटीफटींतून गोल, मध्ये खळगी असलेली पेनीवर्टची पानं बाहेर आलेली. मी ती निरखत होते तेवढ्यात फाटकातून एका आजींनी हाक मारली, ‘‘चुकलीस का, माय लवर?’’ इकडे अनोळखी माणसालाही असंच लाडानं बोलवतात. ‘‘वेस्लीचं घर हवं असेल तर ते मूरच्या पलीकडे.’’

मी म्हटलं, ‘‘ते पाहून आले. आता तुमचं पाहायचंय.’’

त्यांना ते फार आवडलं. चर्च कुठे, कुठली वाट चिखलाची, सगळं त्यांनी बोटानं दाखवलं. या पॅरिशला ॲडव्हेंट नावाचं गावच नाही. सेंट ॲडवेनाचं चर्च आजूबाजूला वस्ती नसताना शेतांमध्ये उभं आहे. पूर्वेला रफ टॉरचे खडक दिसतात. त्याच्या मागे ब्राउन विली, उंची जेमतेम ४२० मीटर, पण कॉर्नवॉलमध्ये त्याहून उंच काही नाही. आणि पश्चिमेला, कॅमलफर्डच्या पलीकडे, डेलाबोल. ब्रिटनमधलं पहिलं व्यावसायिक पवनऊर्जा केंद्र १९९१ साली तिथे सुरू झालं. पवनचक्क्यांसाठी हीच जागा का निवडली असेल, हे त्या दिवशी माझ्या स्कार्फला चांगलंच कळलं.

जायचं असेल तर गाडी कॅमलफर्डला ठेवा आणि चालत जा, गल्ल्यांत समोरून ट्रॅक्टर आला की मागे घेणं अवघड होतं. पायात गमबूट हवेत. आणि पत्ता विचारताना पॅरिशचं नाव आधी सांगा.